खपली ओढू नका : कोंबड्यांच्या गाठींवरच्या ‘रामबाण’ मेसेजला उत्तर

डास वाढले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. परसात पाच-दहा कोंबड्या बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे तो कधी ना कधी येतोच. मजकूर थोडक्यात असा : कोंबडीच्या कातडीवर गाठ, फोड, चामखीळ, काहीही दिसलं की ती देवी, म्हणजे कोंबड्यांना होणारा फोडांचा विषाणूजन्य आजार. खपली ओढून काढायची, खाली आयोडीन चोळायचं, पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक द्यायचं. आजारी कोंबडी वेगळी ठेवली की बाकीच्या सुरक्षित. आणि पोरांना जवळ जाऊ देऊ नका, कांजिण्या होतात. शेवटी ‘अनुभवसिद्ध आहे, पुढे पाठवा’.

तो अनुभवसिद्ध का वाटतो ते आधी सांगते. कातडीवरची साधी देवी तीन-चार आठवड्यांत आपली आपण बरी होते. त्या काळात तुम्ही आयोडीन लावा, राख फासा, नाहीतर नुसते खुराड्यासमोर बसून राहा. कोंबडी बरी होणार आणि श्रेय उपायाला जाणार. मीही दोन हंगाम ते श्रेय खाल्लंय.

‘कातडीवर गाठ म्हणजे देवीच.’

सगळा घोळ इथून सुरू होतो. माझी पहिली ‘गाठ’ मला शेपटीच्या बुडाशी सापडली. करड्या कोंबडीला उचललं, पिसं फुंकून बाजूला केली, तर मधोमध हरभऱ्याएवढा उंचवटा, टोकाला बारीक पिसांची वात आणि वर तेलकट चमक. रात्री झोप नाही. सकाळी दुसरी कोंबडी उचलली, तिलाही तेच. तिसरीला, चौथीला, कोंबड्याला सुद्धा! ती तेलग्रंथी होती. कोंबडी चोच तिथे घासते आणि तेच तेल पिसांना लावत बसते, हे मी रोज बघत होते, पण ते तेल येतं कुठून हा प्रश्न कधी पडला नव्हता. तेव्हापासूनचा माझा नियम : गाठ दिसली की आधी तीच जागा दुसऱ्या धडधाकट कोंबडीवर चाचपायची. छातीच्या वर उजवीकडे संध्याकाळी फुगलेली आणि सकाळी रिकामी होणारी ‘गाठ’ सापडली, तर ती अन्नपिशवी, हेही तेवढ्यात कळून जातं.

आता खरी देवी. ती शोधायची तर पिसं नसलेल्या जागी : तुरा, चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या, पापण्या, चोचीचे कोपरे, कधी पाय. सुरुवातीला फिकट, राखाडी पुटकुळी. मग ती पिवळट होते, वाढते, शेजारच्या पुटकुळ्यांत मिसळते आणि शेवटी चामखिळीसारखी खरखरीत, गडद तपकिरी खपली धरते. आठवडा-दोन आठवड्यांत कळपातल्या आणखी दोघी-तिघींच्या तोंडावर तेच दिसू लागतं. जागा, क्रम आणि संख्या हे तीन धागे जुळले तर देवीचा संशय पक्का धरावा.

ते जुळत नसतील तर? तुऱ्यावर काळे ठिपके आहेत, पण ते चोच मारल्याच्या जखमांचं वाळलेलं रक्त असू शकतं. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस मिनिटभर धरा. रक्त विरघळून जातं, देवीचा फोड जागचा हलत नाही. डोळ्याभोवती मोहरी चिकटवल्यासारखे काळे दाणे दाटीवाटीने बसले असतील तर भिंगातून बघा. त्या तोंड रुतवून बसलेल्या पिसवा असतात. पंखाखाली तशाच गडद दाण्यांना बारीक पाय दिसले तर गोचिडीची पिलं. पायांचे खवले उचलले जाऊन खाली पांढरट भुगा साठलाय, पाय जाडजूड झालेत, तर खवल्यांखाली राहणारे कोळीवर्गी किडे. या तिन्हींवर औषध आहे आणि ते देवीचं नाही. तुऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर असेल तर बुरशीचा विचार करावा.

तळपायाला मधोमध काळी खपली, भोवती सूज आणि लंगडणं असेल तर तो तळव्याचा गळू. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही. त्याचा घट्ट, पिवळट, भुगा होणारा गोळा बनतो, म्हणून गळू चाचपताना हाताला टणक लागतो आणि माणसं त्याला ‘ट्यूमर’ म्हणून मोकळी होतात. छातीच्या मधल्या हाडावर पाण्याने भरलेली पिशवी लागली, तर ती बहुतेक वेळा जड कोंबडी कडक जागी टेकून बसल्याने आलेली असते. आणि बोटाने दाबल्यावर कागद चुरगळल्यासारखी चुरचुरणारी, फुग्यासारखी सूज ही गाठच नव्हे. आतली हवेची पिशवी फाटून हवा कातडीखाली शिरलेली असते.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही असा आजार म्हणजे मॅरेक्स. हंगेरीतल्या योझेफ मारेक या पशुवैद्याने १९०७ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. हाही विषाणूच, पण देवीच्या कुळातला नाही, हर्पीसच्या कुळातला. बहुतेकांना तो ओळखीचा असतो तो लुळ्या पायांवरून : एक पाय पुढे, एक मागे टाकून बसलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी. त्याचा कातडीचाही प्रकार असतो. पिसांची मुळं सुजून गाठी होतात, त्याही पिसांनी झाकलेल्या भागात, म्हणजे देवी जिथे सहसा येत नाही नेमकं तिथे. इथे वाट बघून गाठी जात नाहीत, उपचारही नाही. लस असते, पण ती अंड्यात असताना किंवा पिलू बाहेर पडलं की पहिल्याच दिवशी टोचायची. मोठ्या कोंबडीला टोचून उपयोग नाही.

राहिली म्हातारी कोंबडी. एकटीलाच, एकच गाठ, हळूहळू वाढणारी किंवा मधे चिघळलेली, आणि कळपात बाकी सगळ्या ठणठणीत. तो कर्करोग असू शकतो, साधी चरबी असू शकते, कातडीत उलटं वाढलेलं पीसही असू शकतं. नुसतं बघून मी सांगू शकत नाही, डॉक्टरही सांगणार नाहीत. तुकडा काढून तपासावा लागतो.

‘खपली ओढून आयोडीन चोळा.’

हा सल्ला मी पाळलाय, म्हणून जरा चिडूनच लिहिते. तांबड्या तलंगेच्या पापणीवरची खपली मी चिमट्याने उचलली. ती सुटली, पण सोबत पापणीची कडही आली. रक्त थांबेना, आणि रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या काय करतात ते पाळणाऱ्याला सांगायला नको. चार दिवसांनी तिचा डोळा पुवाने बंद. आयोडीन चोळलं असतं तर डोळाच गेला असता, तेवढी अक्कल नशिबाने शाबूत होती.

जखम राहू द्या, त्याहून वाईट वेगळंच आहे. देवीचा विषाणू त्या खपलीतच भरलेला असतो आणि वाळलेल्या खपलीत तो कित्येक महिने जिवंत राहतो. शाबूत कातडीतून तो आत शिरू शकत नाही, त्याला ओरखडा लागतो. आपण खपल्या ओढून खुराड्यात टाकतो तेव्हा विषाणूही पसरवतो आणि त्याला आत शिरायला ताजी जखमही करून देतो. खपली तिच्या वेळेला गळते. गळलेल्या खपल्या आणि त्याखालचा भुसा उचलून जाळा, एवढंच काम आपलं.

खरी शुश्रूषा कंटाळवाणी आहे. दोन्ही डोळे मिटले असतील तर कोंबडी देवीने नव्हे, भुकेने मरते. तिला दिवसातून तीन-चारदा उचलायचं, चोच पाण्यात टेकवायची, भिजवलेलं खाद्य पुढे धरायचं, आणि डोळ्यांच्या कडा मिठाच्या कोमट पाण्याने पुसायच्या. सहा दिवस केलं मी ते. सातव्या दिवशी तिने एक डोळा किलकिला केला आणि माझ्या बोटालाच चोच मारली.

‘पाच दिवस अँटिबायोटिक.’

देवी विषाणूची, अँटिबायोटिक जिवाणूंवर. जखम चिघळली तर त्याचं काम आहे, पण ते कोणतं आणि किती हे डॉक्टरांनी ठरवायचं. औषधाचा अंश अंड्यात उतरतो, त्यामुळे तितके दिवस अंडी टाकून द्यावी लागतात, हे मेसेज सांगत नाही.

मात्र एका ठिकाणी घाई करा. कोंबडी तोंड उघडून श्वास घेत असेल, घरघर येत असेल, तर टॉर्च मारून घसा बघा. आत पिवळट, चिकट साय धरलेली दिसली तर ती देवीचीच ओली जात असू शकते. ती श्वासनलिका बंद करते आणि कोंबडी गुदमरून जाते. साय खरवडू नका, भळाभळा रक्त येतं. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही तोंडात पांढरे ठिपके येतात, तेव्हा निदान तज्ज्ञालाच करू द्या.

‘आजारी वेगळी ठेवली की बाकीच्या सुरक्षित.’

वेगळी जरूर ठेवा, निदान बाकीच्या तिला टोचणार नाहीत. पण हा आजार डासाच्या सोंडेवरून फिरतो आणि डासाला तुमची जाळी-कडी माहीत नाही. आजारी कोंबडीला एकदा चावलेला डास पुढे कित्येक दिवस विषाणू वाहून नेऊ शकतो. रात्री दांडीवर निश्चल बसलेली कोंबडी आणि तिचं उघडं तोंड त्याला आयतंच मिळतं. म्हणून साचलेलं पाणी, फुटके डबे, न बदललेली पाण्याची भांडी यांच्यामागे आधी लागा आणि खुराड्याला बारीक जाळी लावा.

लसही आहे. दोन टोकांच्या सुईने पंखाच्या पातळ पडद्याला टोचतात. सात ते दहा दिवसांनी टोचल्या जागी छोटी गाठ किंवा खपली आली पाहिजे. आली नाही तर लस लागलेली नाही, पुन्हा टोचा. (हीच गाठ बघून घाबरलेले फोन मला आलेत.) थोड्याच कोंबड्यांना देवी झाली असेल तर उरलेल्या धडधाकट कोंबड्यांना तेव्हाही लस देता येते. आजारी असलेल्यांना नाही.

‘मुलांना कांजिण्या होतात.’

नाही. कांजिण्यांचा विषाणू वेगळ्याच कुळातला, तो माणसाकडून माणसाला जातो. कांजिण्यांच्या इंग्रजी नावात, ‘चिकनपॉक्स’मध्ये, ‘चिकन’ आहे म्हणून ही अफवा, आणि आपल्याकडे ‘देवी’ शब्दाने आणखी घबराट. माणसाची देवी जगातून संपल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. कोंबडीची देवी त्याच मोठ्या कुळातली असली तरी ती पक्ष्यांची, माणसाला होत नाही. हात धुवायचे ते इतर शंभर कारणांसाठी.

एक अपवाद गंभीर आहे. तुरा निळा-जांभळा पडून, तोंड सुजून एकामागोमाग कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर ते गाठींचं प्रकरण नाही, बर्ड फ्लूची शंका घ्यावी लागते. हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं.

बाकी गाठीवाली एखादी कोंबडी गेली आणि कारण समजलं नाही, तर लगेच पुरू नका. दोन पिशव्यांत गुंडाळून बर्फात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी तपासणीला न्या. फ्रीझरमध्ये टाकू नका. गोठताना पेशी फुटतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठीत बघण्यासारखं फारसं उरत नाही.