20 मायक्रॉनच्या कोटिंगबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमच्या मॉडेलमध्ये कोटिंगची जाडी 20 मायक्रॉन (0.02 मिमी), एलिमेंट, म्हणजे सीमेचे पाडलेले तुकडे, 2 मिमीचे, द्विमितीय उष्णतावहन. गाऊस पॉइंट (इंटिग्रल काढताना एलिमेंटवर जिथे फंक्शनची किंमत घेतली जाते ते बिंदू) 10 चे 11 केले आणि पृष्ठभागालगतचं तापमान कुठच्या कुठे गेलं, म्हणून आमचा ‘सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) भरवशाचा नाही’ असं लिहून तुम्ही दोन स्टार दिलेत. तुम्हाला दिसलं ते खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

सॉल्व्हर वापरतो त्या बीईएममध्ये (बाउंडरी एलिमेंट मेथड) फ्लक्सच्या, म्हणजे उष्णतेच्या प्रवाहाच्या, कर्नलचं (सीमेचा बिंदूवरचा परिणाम सांगणाऱ्या फंक्शनचं) इंटिग्रल म्हणजे, 2π चा भागाकार सोडला तर, बिंदूपासून एलिमेंटने व्यापलेला कोन. एलिमेंटच्या मध्यासमोर 0.02 मिमीवर बिंदू असेल, तर हा कोन 3.1016 रेडियन, म्हणजे जवळपास 178 अंश. साधं गाऊस सूत्र 10 पॉइंटांत 0.61 देतं, म्हणजे 35 अंश. 11 पॉइंटांत तेच 13.85 होतं, दोन पूर्ण फेऱ्यांहून जास्त! कारण बिंदू इतका जवळ असला की या फंक्शनचं शिखर फार अरुंद होतं. 10 पॉइंटांतला सर्वांत जवळचाही मध्यापासून 0.15 मिमी दूर पडतो, त्यामुळे शिखर निसटतं. 11 मधला मधला पॉइंट नेमका शिखरावर बसतो आणि त्याच्या वाट्याला 0.27 वजन येतं. पॉइंट वाढवत गेलात तर सहा अंकांसाठी साडेतीनशेच्या आसपास लागतील. तो मार्ग नाही.

‘जवळचे एलिमेंट’ या सेटिंगमध्ये हायपरबोलिक साइनचं रूपांतर (इंटिग्रलमधला चल बदलण्याची पद्धत) चालू करा. ते पॉइंट शिखराभोवती गोळा करतं, त्यामुळे तेच इंटिग्रल 10 पॉइंटांत 3.09 आणि 20 पॉइंटांत 3.1016 येतं. ते मुळात बंद असतं, कारण अंतर एलिमेंटच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त असेल तर साधे 8 पॉइंट पुरतात आणि गणित लवकर होतं.

मात्र ते फक्त आतल्या बिंदूंसाठी चालू करून भागणार नाही. कोटिंगच्या एका पृष्ठभागावरचे नोड (एलिमेंटवरचे ज्यांची उत्तरं काढतात ते बिंदू) समोरच्या पृष्ठभागापासूनही 20 मायक्रॉनवरच असतात, म्हणजे चूक सीमेवरच्या समीकरणांच्या मॅट्रिक्समध्येच शिरते आणि सीमेवरची उत्तरंही बिघडतात. ‘मॅट्रिक्ससह’ हा पर्याय निवडा. वक्र एलिमेंट असतील तर सर्वांत जवळचा बिंदू न्यूटनच्या पुनरावृत्तीने शोधू द्या, जीवेवरच्या (एलिमेंटची टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेवरच्या) लंबावर विसंबू नका. आतला फ्लक्स हवा असेल तर कर्नल आणखी तीव्र होतो, तिथे 30 पॉइंट ठेवा.

एकसमान तापमान देऊन तपासणी करू नका. मॅट्रिक्सच्या कर्णावरचे घटक ओळीची बेरीज शून्य धरूनच काढलेले असतात, त्यामुळे बाकीचे घटक चुकले तरी ती चाचणी पास होते. तापमान जाडीच्या दिशेने रेषीय द्या आणि फ्लक्स वाहकता गुणिले उतार इतका येतो का ते पाहा. तो जुळला नाही तर मॉडेलची फाइल सपोर्टला पाठवा, सेटिंग लावून परत देऊ.

– संचालक