गावातील वडीलधाऱ्यांना आदरांजली वाहण्याची योग्य रीत

मानेवाडा, बेसा किंवा मनीषनगर अशा नागपूरच्या एखाद्या वस्तीत आपला फ्लॅट असेल आणि कुही, उमरेड किंवा रामटेक तालुक्यात आपले मूळ गाव असेल, तर गावातले एखादे आबाजी आता नव्वदीला टेकले आहेत, ही बातमी आपल्या कानावर केव्हातरी येईलच. त्या बातमीने अस्वस्थ होऊन आपण घाई करू नये. जिवंत माणसाचे स्मरण करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. पोळ्याला किंवा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गावी गेल्यावर त्यांच्या ओसरीसमोर गाडी थोडी हळू करावी, काच अर्धी खाली घेऊन "काय आबाजी, बरं आहे ना?" एवढे विचारावे, आणि उत्तर देण्यासाठी त्यांनी घसा खाकरला की काच पुन्हा वर करावी. आत एसी चालू असतो, हे कारण सर्वमान्य आहे.

उत्तर ऐकण्यात धोका असतो, तो आधी समजून घ्यावा. या गृहस्थाने गावाची शीव न ओलांडता चार राज्ये पाहिलेली असतात. त्याचा जन्म मध्यप्रांत व वऱ्हाडातला; 1950 मध्ये तेच गाव मध्य प्रदेशात गेले, 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आले. चारही राजवटींविषयी त्याच्यापाशी सविस्तर गाऱ्हाणी असतात, आणि कुठूनही सुरुवात केली तरी ती शेवटी गावच्या तलावापाशी येऊन थांबतात. हा तलाव मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा मालगुजार गोळा करीत त्या काळातला. 1951 मध्ये मालगुजारी संपली तेव्हा तो सरकारजमा झाला, आणि तेव्हापासून तो 'माजी मालगुजारी' म्हणजे मामा तलाव या नात्याने ओळखला जातो. सध्या त्यात पाण्यापेक्षा बेशरमीची झुडपे अधिक आहेत, परंतु आबाजी त्याच्याविषयी असे बोलतात की जणू तो कालच काठोकाठ भरला होता. पाळ कोणत्या बाजूला कच्ची आहे, तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे दार, केव्हा उघडायचे, अगदी शेवटच्या बांधीतल्या धानाला पाणी पोचवायचे असेल तर आधी कोणाचा पाट बंद करायचा आणि त्या बदल्यात त्याची समजूत कशी काढायची, उन्हाळ्यात काढलेला गाळ कोणाच्या शेतात जायचा, ढिवरांनी जाळे कुठे टाकायचे आणि गुरे कोणत्या काठाने पाण्यावर न्यायची, हे सगळे ते एका दमात सांगू शकतात. निस्तारपत्रकात गावाचे हक्क लिहिलेले असतात. ते हक्क डोकी न फोडता कसे वापरायचे, हे मात्र कोणत्याही पत्रकात नसते, ते आबाजींच्या डोक्यात असते.

आता आपणच विचार करावा. हे ऐकत बसलो, तर अर्ध्या तासाच्या आत सांडव्याचा विषय निघणार. जास्तीचे पाणी पूर्वी कोणत्या वाटेने वाहून जात असे, ते आबाजी काठीने जमिनीवर आखून दाखवणार, आणि ती रेघ सरळ आपल्या चुलतभावाच्या कंपाउंडखालून व आपण स्वतः गुंतवणूक म्हणून घेतलेल्या लेआउटमधल्या प्लॉटवरून जाणार. एवढी माहिती मिळाल्यानंतर माणसाला रात्री झोप लागणे कठीण. त्यापेक्षा काच वर केलेली बरी.

ग्रामसभेविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. तिची गणपूर्ती म्हणजे मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. एवढी माणसेही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, या कायदेशीर सोयीवर अनेक गावांचा कारभार सुरळीत चालू आहे. त्यात अडचण एकच. आबाजी मूळ सभेला येतात आणि तहकूब सभेलाही येतात, आणि दोन्ही वेळा सांडव्यावरील अतिक्रमणाचा तोच अर्ज वाचून दाखवतात. अशा वेळी "आबाजींचं वय झालं आता" असे शेजाऱ्याच्या कानात, परंतु सर्वांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणावे. हे वाक्य सहानुभूतीचे असल्यामुळे त्यावर कोणी आक्षेप घेत नाही.

यथावकाश आबाजी जातात. इथून पुढे मात्र क्षणाचाही विलंब क्षम्य नाही. गावच्या व्हॉट्सॲप गटावर 'एका पर्वाचा अस्त' हे शब्द सर्वांत आधी आपले पडले पाहिजेत. मागून येणाऱ्यांना केवळ हात जोडल्याचे चिन्ह उरते. फ्लेक्स तेरवीच्या आत लागावा. त्यावर आबाजींना 'अजातशत्रू' म्हणावे. तहसील कार्यालयात त्यांनी कोणाकोणाविरुद्ध अर्ज दिले होते, हे शोकाकुलांची नावे वरून खाली वाचत गेल्यास आपोआप कळते, परंतु तसे वाचण्याची प्रथा नाही. फ्लेक्सला जागा तलावाच्या पाळीवर उत्तम, कारण तिथे खांब रोवण्यासाठी खणताना कोणी अडवत नाही. अडवणारा एकच होता.

शोकसभेत भाषण करण्याची पाळी आली, तर "आबाजी म्हणजे गावाचे चालतेबोलते विद्यापीठ होते" येथून सुरुवात करावी. त्या विद्यापीठात आपण प्रवेश का घेतला नाही, असे विचारणारा श्रोता अजून जन्मायचा आहे. भाषणाच्या शेवटी त्यांच्या नावाने गावाला प्रवेशद्वार उभारण्याची मागणी करावी आणि आमदारसाहेबांकडे पाहावे. काही अतिउत्साही तरुण तलावाचे खोलीकरण सुचवतील. त्यांना समजावून सांगावे की खोलीकरण पाण्याखाली जाते, कमान रस्त्यावरून दिसते. शिवाय खोल तलाव भरला की पाणी सांडव्याची वाट शोधू लागते, आणि मग आपला प्लॉट.

एवढ्यावरही एखादा कृषी पदविकेचा विद्यार्थी उभा राहून, दोन वर्षांपासून गच्च बसलेले तुडुम नेमके कुठल्या बाजूने मोकळे करायचे, असा प्रश्न टाकू शकतो. "आज आबाजी असते तर" असे म्हणून डोळ्यांना रुमाल लावावा. तरीही तो हटला नाही, तर समिती नेमावी.

खरी सावधगिरी बाळगायची ती आबाजींच्या बहिणीबाबत. या आजींनी उभा जन्म त्याच तलावाखालच्या बांध्यांमध्ये रोवणी केलेली असते, पाणी कोणत्या दिवशी कोणाच्या धुऱ्यापर्यंत चढते हे त्यांना भावापेक्षा अधिक ठाऊक असते, आणि त्यांची स्मरणशक्ती दुर्दैवाने शाबूत असते. त्यांना पहिल्या रांगेत मानाने बसवावे, शाल-श्रीफळ द्यावे, दीपप्रज्वलन त्यांच्याच हस्ते करावे, मात्र ध्वनिक्षेपकाची तार त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचणार नाही इतकी आखूड ठेवावी. आणि तरीही त्यांनी पदर सावरून "त्या सांडव्याचं असं आहे बाबू" म्हणत बोलायला सुरुवात केलीच, तर आलू-वांग्याची भाजी व बुंदी तयार असून पहिली पंगत बसते आहे, अशी घोषणा ताबडतोब करावी.