शार्लटला नावं ठेवण्याआधी

परवा कट्ट्यावर विषय निघाला लग्नाचाच, कारण आमच्यातल्या एकीला स्थळ सांगून आलंय, मुलगा बरा, नोकरी बरी, स्वतःचा टू बीएचके, आणि ती म्हणाली की दोन तास बोललो पण काही वाटलंच नाही गं. त्यावर आमची बँकवाली पटकन म्हणाली, "मग सरळ नाही म्हण, उगाच शार्लट होऊ नकोस." जेन ऑस्टिनची प्राइड अँड प्रेज्युडिस ही कादंबरी तिनं गेल्या महिन्यातच संपवलीय, शार्लट त्यातलीच. आणि मला तिथंच राहवलं नाही, कारण शार्लट लुकसबद्दल कुणी असं बोललं की मला खरंच लागतं.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी, शार्लट ही नायिका एलिझाबेथची जिवलग मैत्रीण. कॉलिन्स नावाचा एक बडबड्या, वरच्यांपुढे सतत वाकणारा पाद्री आधी एलिझाबेथला मागणी घालतो, ती नाही म्हणते, आणि तीन दिवसांच्या आत तोच माणूस शार्लटला मागणी घालतो आणि ती हो म्हणते. झालं, दोनशे वर्षं वाचणारे तिला नावं ठेवतायत.

बँकवालीचं म्हणणं आकड्यांवर होतं. एलिझाबेथच्या वाट्याला येणार १,००० पौंड, चार टक्क्यांनी म्हणजे वर्षाला ४०, ते पण आई गेल्यानंतर. तिकडे डार्सीचं, म्हणजे ज्याच्याशी तिचं शेवटी लग्न होतं त्या नायकाचं, उत्पन्न वर्षाला १०,०००, म्हणजे अडीचशे पट. "आणि चाळीस पौंडवाली ही पोरगी कॉलिन्सला नाही म्हणते आणि पहिल्या वेळी डार्सीला पण नाही म्हणते, कारण त्यानं प्रेम सांगता सांगता तिच्या घरच्यांची लायकी काढली. मग शार्लटला काय झालं होतं?"

इथं वकील मध्ये पडला, त्याला इस्टेटीचा विषय निघाला की थांबवणं अवघड. तो म्हणाला की आधी एलिझाबेथच्या बापाला, मिस्टर बेनेटला धरा. इस्टेट वर्षाला २,००० ची, पण अट अशी की ती पुरुष वारसालाच जाणार, म्हणजे बाप गेला की सगळं या कॉलिन्सचं. यातून सुटायचं तर मुलगा हवा, तो सज्ञान झाला की बापलेकांनी मिळून अट मोडायची. मग काय, मुलगा होईल मुलगा होईल करत पाच मुली झाल्या आणि तोपर्यंत या माणसानं एक पैसा बाजूला टाकला नाही. वकील म्हणाला, "लोक त्या आईला हसतात, मुलींना उजवायला जिवाचा आटापिटा करते म्हणून. अरे, नवरा मेल्यावर घराबाहेर काढलं जाईल हे त्या घरात फक्त तिलाच कळत होतं." मला हे शंभर टक्के पटलं. बाप विनोदी आणि हुशार म्हणून आपण त्याला सोडून देतो.

पण मुद्दा शार्लटचा. ती २७ वर्षांची, दिसायला कधीच देखणी नव्हती असं लेखिका सरळ लिहिते, आणि बापाकडे सर ही पदवी असली तरी मुलीला द्यायला फारसं काही नाही. लग्न ठरलं तेव्हा लुकसांच्या घरात काय झालं ते वाचा जरा. आई लगेच हिशोब करायला बसते की मिस्टर बेनेट अजून किती वर्षं जगतील. धाकट्या बहिणींना आनंद की आपला नंबर आता एकदोन वर्षं आधी लागणार. आणि भावांना हायसं वाटतं की ही आता बिनलग्नाची राहून मरणार नाही. हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, कारण अशी घरं आम्ही सगळ्यांनी बघितलीयत.

एलिझाबेथ नाही म्हणू शकली याचं मला कौतुक आहेच, पण ती २० वर्षांची आहे, तिच्याकडे लोक वळून बघतात, तिच्या नकारानंतर पुढं काहीतरी होईल अशी आशा तिला परवडते. शार्लटच्या नकारानंतर काय होतं? चांगल्या घरच्या मुलीला करता येण्यासारखी नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या घरी राहून पोरांना शिकवणारी गव्हर्नेस, नाहीतर आयुष्यभर भावांच्या दारात. बस.

मास्तरांनी तेवढ्यात वेगळाच मुद्दा काढला. ते म्हणाले, तुम्ही एलिझाबेथला बंडखोर समजता, पण डार्सीची मावशी लेडी कॅथरीन, त्याच्याशी लग्न करू नकोस म्हणत अंगावर धावून येते तेव्हा ती काय उत्तर देते? तो जंटलमन आहे आणि मी जंटलमनची मुलगी आहे, म्हणजे आम्ही बरोबरीचे. "ही भिंत पाडणं नाही, मी पण भिंतीच्या आतलीच आहे असं सांगणं आहे." मास्तरांचं बरोबर आहे, मला आधी असं सुचलं नव्हतं. फक्त एक सांगावंसं वाटलं की एलिझाबेथच्या ज्या मामाला लंडनच्या चीपसाइड या व्यापारी भागाजवळ राहतो, व्यापार करतो म्हणून डार्सीचा मित्र बिंगले याच्या बहिणी हसतात (आणि यांचा स्वतःचा पैसा पण बापानं व्यापारातच कमावलेला!), तो मामा आणि ती मामीच शेवटी डार्सीच्या घरात सगळ्यात जवळची माणसं होतात. कादंबरी संपते पण त्यांच्यावरच. भिंतीला खिंडार तरी पडतं ना.

बँकवाली मात्र हटेना. "परिस्थिती मान्य, पण त्या माणसाबरोबर रोज राहायचं!"

मग मी तिला ती खोली सांगितली. एलिझाबेथ शार्लटच्या घरी केंटला राहायला जाते तेव्हा तिला आधी कळत नाही की पुढची जेवणाची खोली मोठी, छान असताना शार्लट रोज मागच्या खोलीत का बसते. नंतर लक्षात येतं. कॉलिन्सची वाचायची खोली रस्त्याकडे आहे, तो खिडकीतून गाड्या बघत बसतो, आणि बायकांची खोली पण तेवढीच छान असती तर तो दिवसभर इथंच येऊन बसला असता. बागकामाला पण ती त्याला भरपूर प्रोत्साहन देते, तब्येतीला चांगलं म्हणून. तो चारचौघांत काहीतरी बोलून जातो तेव्हा एकदोनदा तिचा चेहरा किंचित लाल होतो, एरवी तिला ऐकूच येत नाही. मला हे वाचून दरवेळी गलबलून येतं. रडगाणं नाही, तक्रार नाही, एका बाईनं एका घरात स्वतःपुरता एक कोपरा मिळवलाय.

आणि डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो ते कुठं? शार्लटच्याच घरी. शार्लट कॉलिन्सला हो म्हणाली नसती तर एलिझाबेथ केंटला गेली नसती. लेडी कॅथरीनच्या कानावर डार्सी-एलिझाबेथच्या लग्नाची कुणकुण जाते ती पण लुकस आणि कॉलिन्सच्या घरांमधून, आणि त्या भांडणामुळंच डार्सीला परत आशा वाटते. म्हणजे ज्या प्रेमविवाहावर आपण जीव टाकतो तो शार्लटच्या व्यवहारी लग्नाच्या ओट्यावर उभा आहे.

बँकवालीनं शेवटचं पान काढलं: खुद्द जेन ऑस्टिननं भाचीला पत्रात लिहिलंय की प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा काहीही सोसलेलं बरं. आणि स्वतः तसं वागली, १८०२ मध्ये एका श्रीमंत घरच्या मुलाला संध्याकाळी हो म्हणून सकाळी नाही म्हणाली. खरंय. पण त्याच भाचीला तिनं पुढं हेही लिहिलं की एकट्या बायकांना गरीब राहायची भयंकर खोड असते. ही दोन्ही पत्रं एकाच हातची आहेत, आणि त्यातलं एकच धरलं की शार्लट कळत नाही.

"घर, कोंबड्या, संसार या सगळ्याची गोडी अजून ओसरली नव्हती, असं लिहिलंय तिनं," बँकवाली म्हणाली. "त्या 'अजून'चं काय करशील?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तो शब्द मलाही टोचतो.

जिला स्थळ आलंय ती एवढा वेळ गप्प होती. तिनं विचारलं, शार्लटला विचार करायला किती वेळ मिळाला? मी म्हटलं, कॉलिन्सच्या लांबलचक भाषणाला जेवढा लागला तेवढाच, मागणी आणि होकार सगळं तिथल्या तिथं. ती म्हणाली, "माझ्याकडे तेवढी घाई नाहीये," आणि फोन काढून तिथंच त्या मुलाला मेसेज केला की रविवारी परत भेटूया, या वेळी घरचे नकोत.