येऊ द्या, येऊ द्या!

गाडीचा मागचा डावा दिवा फुटलाय आणि तो मी फोडलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाकी सहल छान झाली. दसऱ्याची सुट्टी, पाऊस नुकताच सरलेला, पोरं घरात एकमेकांच्या उरावर. म्हणून आई, बायको, पोरं आणि खर्डा-भाकरीचा डबा घेऊन बेळगावहून जांबोटी-कणकुंबीवरून गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाकडं निघालो. रस्त्याबद्दल मी बोलत नाही, आईनं बोलून झालंय. किणयेपासून प्रत्येक खड्ड्याला तिनं एकेका देवाचं नाव घेतलं, जांबोटीच्या पुढं देव संपले.

कणकुंबीला माउली देवीचं दर्शन घेतलं, मलप्रभेचा उगम बघितला. ही नदी इथनं तीनशे किलोमीटर जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते आणि शेजारच्या डोंगरातलं पाणी म्हादईतनं गोव्यात उतरतं, असं पोरांना सांगत होतो. मोबाईलला रेंज नव्हती म्हणून ती ऐकत होती.

पुढं एका वळणावर दरी एकदम उघडते. तिथं थांबायचं ठरलं आणि तिथंच ते गृहस्थ उभे होते.

गुडघ्यापर्यंतची चड्डी, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर गोव्यात पोचायच्या आधीच घातलेली गोव्याची टोपी. स्वतःची गाडी लावून झाली होती, आता ते जगाच्या गाड्या लावत होते. मला आरशात सगळं दिसत होतं. त्यांना सांगितलंही, "राहू द्या, घेतो मी." पण दोन्ही हात वर करून ते गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. आता आरशात तेच दिसायला लागले.

"येऊ द्या. येऊ द्या. अजून येऊ द्या. भरपूर जागा आहे हो, घाबरता काय! येऊ द्या..."

खाड्.

"बस्स," ते म्हणाले.

किलोमीटरचा दगड होता. त्याचा पांढरा चुना बंपरला आणि आमच्या दिव्याची लाल काच त्याच्या पायाशी. गृहस्थ वाकले, काच उचलली, दुर्बिणीतनं बघावी तशी उन्हात धरून बघितली आणि म्हणाले, "हा दगड इथं नकोच होता खरं म्हणजे." मग त्यांची नजर नंबरप्लेटवर गेली. "केए! अरे वा, कर्नाटकातले का तुम्ही?"

"बेळगावचे."

"पण मराठी किती छान बोलता हो!"

इथवर मी फक्त "बेळगावचे" आणि "राहू द्या, घेतो मी" एवढंच बोललो होतो. तेवढ्यावर प्रमाणपत्र! वर चौकशी, "शिकलात कुठं?" म्हटलं, मराठी शाळेत. "अच्छा, इकडं मराठी शाळा असतात?" हा प्रश्न खानापूर तालुक्यात उभं राहून. अर्ध्या तासापूर्वी ज्या टपरीवर त्यांनी चहा घेतला असणार, तो टपरीवालासुद्धा मराठीच बोलला असणार, पण बहुतेक त्यालाही शाबासकी मिळाली असेल.

नंतर ते माझ्याशी सावकाश बोलायला लागले. एकेक शब्द सुटा करून, थोडं मोठ्यानं. "तुम्ही. पुढं. गोव्याला. जाणार?"

मग वळले आईकडं. बहुधा हॉटेलात कुठंतरी शिकले असावेत, हात जोडून कन्नडमध्ये म्हणाले, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का?

आमच्या आईचं निम्मं आयुष्य गणपत गल्लीत भाजीचा भाव करण्यात गेलंय. समोरचा ज्या भाषेत सुरू होईल त्या भाषेत तिचं तोंड आपोआप चालतं. ती म्हणाली, "आतु री. निमदु?" म्हणजे, झालं हो, तुमचं?

"बघा!" गृहस्थ आपल्या बायकोकडं वळून म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"

थोरली पोरगी हसून हसून दगडावर बसली. त्याच दगडावर.

उत्तरं मला ते वळण सोडल्यावर सुचायला लागली. १९४६ चं साहित्य संमेलन बेळगावात झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, हे सांगायला हवं होतं. इंदिरा संत बेळगावात राहून लिहीत होत्या, हे सांगायला हवं होतं. बेळगाव महाराष्ट्राबाहेर राहिलं म्हणून १९५६ पासून दर १ नोव्हेंबरला आम्ही काळा दिवस पाळतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा खटला पडून आहे, तो कुणासाठी? बेंगळुरात गेलं की आम्ही महाराष्ट्रवाले, पुण्यात गेलं की आमची गाडी बघून लोक हळू बोलतात. काळ्या दिवसाच्या सायकल फेरीत घोषणा द्यायच्या आम्ही, आणि गोव्याला जाता जाता आमचं मराठी तपासणार हे. बायको म्हणाली, "हे सगळं आता स्टेअरिंगला कशाला सांगताय?"

तर दिवा. गॅरेजवाला म्हणाला, कोल्हापूरहून मागवायला लागतोय. विमा एजंटाला विचारलं तर त्यानं अर्ज पुढं केला. त्यात 'दुसऱ्या वाहनाचा नंबर' अशी ओळ आहे, 'येऊ द्या म्हणणाऱ्याचं नाव' अशी नाही. म्हणाला, "'स्वतः मागे घेताना धडकली' असं लिवा की, लगेच पास होतंय."

मी लिहिलेलं नाही. बायको म्हणते, लिहून टाका की, कशाला वाढवताय. तिला काय होतंय, ती बाजूच्या सीटवर भाकरी खात होती.