सूज उतरली म्हणून इन्सुलिन सुटत नाही

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड तीनदा आला. "स्वादुपिंडातल्या पेशींची सूज काढून त्या बसवल्या की मधुमेह कायमचा बरा. इन्सुलिन बंद, कुठलंही औषध नको. ही सूज रोज चमचाभर हळदीनेही उतरते!" खाली हात जोडलेले, अर्थातच. यातला एकेक तुकडा खऱ्या कापडाचा आहे, शिवण मात्र भलतीच.

आधी ती 'सूज'. पाय सुजतो तसं इथे काही सुजत नाही. हा दाह, म्हणजे इन्फ्लमेशन आहे. पेशी बसवायच्या, तर आधी दात्याचं स्वादुपिंड बर्फात ठेवून आणतात, त्यात कोलॅजेनेज नावाचं एन्झाइम सोडतात आणि स्टीलच्या भांड्यात गोट्यांसकट हलवून हलवून इन्सुलिन बनवणारे पेशीपुंज, म्हणजे आयलेट, सुटे करतात. एकेक पुंज मिलिमीटरच्या दशांशाएवढा. एवढा मार खाल्ल्यावर ते धोक्याचे रासायनिक संदेश सोडू लागतात. मग यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये त्यांना सोडलं, की रक्ताचा स्पर्श होताच भोवती गुठळी धरते आणि पुष्कळसे पहिल्या काही तासा-दिवसांतच मरतात. रोपणाआधी दाह कमी करायची धडपड असते ती हे नुकसान टाळण्यासाठी.

"औषध नको"? दाह आणि परक्या पेशी नाकारणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. 1977 पासून मिनेसोटात, जुनाट दाहामुळे स्वादुपिंड काढलेल्या रुग्णांना त्यांचेच आयलेट परत देतात. आपल्याच पेशी, नाकारण्याचा प्रश्नच नाही. तरी तिथल्या चारशेहून अधिक रुग्णांपैकी तीन वर्षांनी इन्सुलिनशिवाय होते सुमारे 30 टक्के. (आजारी स्वादुपिंडातून पेशी मुळात कमी मिळतात, हेही खरं.) दात्याच्या पेशी घेतल्या, तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या वर आल्याच. 2025 मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णाला त्या द्याव्या लागल्या नाहीत. पण त्या पेशींची जनुकंच बदललेली होती, आणि मात्रा इतकी थोडी की त्याचं इन्सुलिन चालूच राहिलं.

"कायमचा"? 2000 साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये सातच्या सात रुग्णांचं इन्सुलिन सुटलं, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. पुढे तिथल्याच मोठ्या गटात पाच वर्षांनी इन्सुलिनशिवाय उरले सुमारे 10 टक्के. बहुतेकांच्या पेशी थोडंफार काम करत होत्या आणि साखर एकाएकी घसरणं कमी झालं होतं. हा फायदा लहान नाही, पण फॉरवर्डवाल्याला त्यात रस नसावा. अमेरिकेत 2023 मध्ये अशा पेशींना मंजुरी मिळाली तीसुद्धा टाइप 1 च्या (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) ज्या प्रौढांची साखर वारंवार धोकादायक उतरते, त्यांच्यापुरती. आपल्या घरोघरी असतो तो बहुतेक टाइप 2.

राहिली हळद. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं होतं, की हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य दिलेले आयलेट गोठवून साठवल्यावर जास्त वाचतात. काम चांगलंच आहे. पण ते प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर, मोजून थेट दिलेलं कर्क्युमिन. पोटातून रक्तात ते जेमतेम उतरतं. आमटीत हळद खुशाल घाला, फोडणी तिच्याशिवाय होतेय कुठे.

एवढं लिहायला बसलो, कारण ग्रुपमध्ये माझा भाचाही आहे. नववीत, टाइप 1. फॉरवर्ड वाचून त्याने मला वेगळा मेसेज केला, "मामा, मग रात्रीचं इंजेक्शन घ्यायचं ना?" त्याला म्हटलं, घ्यायचं. ते सोडलंस तर एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून थेट आयसीयूत जाशील.