पानांच्या रसातली चांदी आणि दातांची कीड

"वनस्पतींपासून बनवलेली नॅनो-चांदी शंभर टक्के नैसर्गिक आहे. ती तोंडातले 99.9 टक्के जंतू मारते, जंतूंना तिची सवय होत नाही, दुष्परिणाम शून्य. कीड मुळापासून बरी होते. फ्लोराइड नको, रूट कॅनॉल नको. घरीसुद्धा करता येते." अशा आशयाचा संदेश जोरात फिरतो आहे. तो साफ खोटा असता तर सोडून दिला असता. पण त्यात खऱ्या संशोधनाचे तुकडे आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी "नैसर्गिक". चांदी पानांतून येत नाही. ती येते सिल्व्हर नायट्रेटमधून, आणि ते तयार होतं चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून. त्या द्रावणात कडुनिंबाचा, कोरफडीचा किंवा ग्रीन टीचा अर्क घातला, की अर्कातली पॉलिफेनॉल आणि फ्लॅव्होनॉइड ही वनस्पतींतली रसायनं चांदीच्या आयनांना (विद्युतभारित अणूंना) इलेक्ट्रॉन देतात. मग 1 ते 100 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण तयार होतात आणि अर्कातलीच काही द्रव्यं त्यांच्यावर थर धरून त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाहीत. पद्धत चांगलीच आहे. एरवी असे कण बनवायला वापरतात ते सोडियम बोरोहायड्राइडसारखं जहाल रसायन टळतं. पण इथे वनस्पतीचं काम कण घडवण्याचं. जंतू मारते ती मुख्यतः चांदी. शिवाय झाडाची जात, ऋतू, अर्क काढायची रीत बदलली की अर्क बदलतो, आणि कणांचा आकारही. दर वेळी सारखं उतरत नाही त्याला औषध म्हणून मान्यता मिळवणं कठीण असतं.

आता 99.9 टक्के. चांदी जंतू मारते यात वाद नाही. तिचे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला धरतात, पेशीचं आवरण फाडतात. प्रश्न आहे तो हे कुठे मोजलं याचा. बहुतेक प्रयोगांत दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखा एखादाच जंतू पोषक द्रवात सुटा तरंगत असतो, किंवा प्रयोगशाळेतल्या बशीत पसरलेला असतो आणि चांदीभोवतीचं, जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजतात. दातावर तो असा एकटा सापडत नाही. तिथे अनेक जातींचे जंतू चिकट थरात दडून राहतात, आणि अशा थरातल्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंच्या दहापट ते हजारपट औषध लागू शकतं. त्यात लाळ. तिच्यातलं क्लोराइड आणि प्रथिनं चांदीला बांधून टाकतात, आणि उरलेली चांदी लाळेबरोबर पोटात जाते. बशीतला आकडा तोंडाला लावणं म्हणजे पोहण्याच्या तलावातला वेग दाखवून समुद्र ओलांडल्याचं सांगणं. हिरड्यांच्या आजाराचंही तसंच: तिथले जंतू हिरडीखालच्या खोल फटीत असतात, चूळ तिथवर पोचतच नाही.

"सवय होत नाही" हे तर सरळ चूक. चांदीला न जुमानणारे साल्मोनेला जंतू 1970च्या दशकातच भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सापडले होते. 2018 साली नॅनोकणांबद्दलही तेच दिसलं: वारंवार सामना झाल्यावर ई. कोलाय जंतू फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन सोडून कणांच्या गुठळ्या करू लागले. गंमत अशी, की त्याच अभ्यासात डाळिंबाच्या सालीच्या अर्काने ही युक्ती बरीच रोखली. वनस्पतींची बाजू घ्यायची तर हा मुद्दा होता. संदेश लिहिणाऱ्याला तो माहीत नसावा.

दुष्परिणाम? चांदी दीर्घकाळ पोटात जात राहिली तर त्वचेत साठते आणि रंग कायमचा करडा-निळा होतो. याला आर्जिरिया म्हणतात. कोलॉइडल चांदी (द्रवात तरंगणारे चांदीचे सूक्ष्म कण) असलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं सुरक्षित वा परिणामकारक मानता येत नाहीत, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 1999 मध्येच जाहीर केलं.

कीड बरी होण्याचा दावा सर्वांत घातक. दात हिरडीबाहेर येईपर्यंत इनॅमल, म्हणजे दाताचं कठीण बाह्य आवरण, बनवणाऱ्या पेशी संपलेल्या असतात, त्यामुळे पडलेला खड्डा कुठल्याही कणाने भरून येत नाही. पांढऱ्या डागाच्या टप्प्यावर मात्र कीड उलटवता येते, आणि ते काम करतं तेच "नको" म्हटलेलं फ्लोराइड. दंतवैद्यक चांदी वापरतंच: 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (चांदी आणि फ्लोराइड दोन्ही असलेलं द्रावण) 2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याने कीड थांबते, खड्डा राहतो, आणि तो काळा पडतो. हा काळेपणा टाळायला ब्राझीलमध्ये नॅनो सिल्व्हर फ्लोराइड तयार केलं गेलं. 2014च्या चाचणीत वर्षभराने मुलांच्या सुमारे दोन-तृतीयांश दुधाच्या दातांतली कीड थांबलेली दिसली. नुसतं पाणी लावलेल्या दातांत एक-तृतीयांश. आशादायक आहे, पण ते कण वनस्पतींनी बनवलेले नव्हते आणि त्यात फ्लोराइड होतंच. मुळातल्या नसेपर्यंत पोचलेल्या संसर्गावर यातलं काहीच उपाय नाही; तिथे रूट कॅनॉल किंवा दात काढणं.

राहिलं घरी बनवणं. "द्रावण तपकिरी झालं की तयार," असं संदेश सांगतो. रंग एवढंच दाखवतो की कण बनले. किती सिल्व्हर नायट्रेट तसंच उरलं, हे तो सांगत नाही. सिल्व्हर नायट्रेट चामखीळ जाळायला वापरतात. कुणी असं द्रावण बनवलं असेल, तर त्या द्रावणाने चूळ भरू नये.