‘होतं’ लिहिण्याआधी

गेल्या आठवड्यात मुंबईहून आतेचा फोन आला. पाऊस किती, आंबा काय म्हणतो, असलं काही नाही. एकदम विचारलं, "भाऊ बरो आसा मां गो?" आवाज कापत होता. बाबा तेव्हा माझ्या समोर, पडवीत सुपारी कातरत बसले होते. मी फोन त्यांच्याच हातात दिला. दोघं बराच वेळ बोलले. मग कळलं की आमच्या गावच्या मंडळाच्या स्मरणिकेतलं एक पान आतेला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. माझ्याच लेखाचं पान.

लेख घरातल्या जुन्या वस्तूंवर होता. मी लिहिलं होतं, "बाबांचं घड्याळ एचएमटीचं ‘जनता’ आहे. आंघोळ झाली की बाबा त्याला चावी देतात." छापून आलं, "बाबांचं घड्याळ एचएमटीचं ‘जनता’ होतं. आंघोळ झाली की बाबा त्याला चावी द्यायचे." कंपनी बंद पडली, म्हणून लेखभर ‘आहे’चं ‘होतं’ केलं गेलं, आणि त्या ओघात बाबांचं क्रियापदही गेलं. मला न विचारता. राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला केंद्र सरकारने 2016 च्या जानेवारीत मंजुरी दिली, हे खरंच आहे. पण कंपनी बंद झाली म्हणून बाबांचं घड्याळ बंद झालं का? पांढरी डायल आता सायीच्या रंगाची झालीय, तिच्यावर देवनागरीत ‘जनता’ लिहिलंय. खाऱ्या हवेने मागच्या झाकणावर बारीक बारीक खड्डे पडलेत. बाबा अंगठा आणि तर्जनीत चावीचं बोंड धरून हळूहळू फिरवतात, स्प्रिंग घट्ट लागली की तिथेच थांबतात, मग घड्याळ कानाला लावतात. दर वर्षी पावसाळा संपला की कुडाळला नेऊन साफ करून आणतात. या घड्याळाला ‘होतं’ कसं म्हणायचं?

मराठीतलं ‘द्यायचे’, ‘यायचे’, ‘मिळायचं’ हे रूप मोडलेल्या सवयीचं असतं. "गणपतीला चाकरमानी यायचे" असं म्हणून बघा, ऐकणारा लगेच विचारेल, का, आता येत नाहीत? म्हणूनच आतेच्या पोटात गोळा आला. तिची काही चूक नव्हती, तिने मराठी बरोबर वाचलं.

माझं म्हणणं एवढंच, की जे थांबलं त्याच्याच क्रियापदाला भूतकाळ लावा. बनवणं थांबलं तर ‘बनवायचे’, विकणं थांबलं तर ‘विकायचे’. वस्तू शाबूत असेल तर तिला ‘आहे’च हवं.

गोल्ड स्पॉटचं उदाहरण घ्या. पार्ल्याच्या कंपनीने 1993 साली आपली पेयं कोका-कोलाला विकली आणि पुढे गोल्ड स्पॉट बाजारातून गेलं. तिथे ‘होतं’ अगदी योग्य, कारण पेय पिऊन संपतं. आमच्या माळ्यावर त्याची एक रिकामी बाटली आहे. बाटली आहे, गोल्ड स्पॉट होतं. एकाच वाक्यात दोन काळ येतात आणि दोन्ही खरे आहेत.

चेतकची गोष्ट आणखी वेगळी. काकांची चेतक अजून खळ्यात उभी असते, सकाळी जरा उजवीकडे कलवून किक मारली की सुरू होते. बजाजने ती स्कूटर बंद केली आणि 2020 मध्ये तेच नाव विजेवरच्या स्कूटरला दिलं. आता "चेतक ही स्कूटर होती" असं लिहिलं तर ते शोरूमच्या दारातच खोटं ठरतं. नुसतं "चेतक आहे" लिहिलं तर कुठली ते कळत नाही. तिथे काळ बदलून भागत नाही, विशेषण लागतं: पेट्रोलची चेतक, काकांची चेतक.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा ‘पद्मिनी होती’ असंच जो तो लिहीत होता. टॅक्सी म्हणून होती, कबूल. पण आमच्या वाडीत एक उभी आहे, सगळे तिला फियाट म्हणतात, आणि लग्नाच्या वरातीला ती अजून लागते.

मंडळातल्या एकांचं म्हणणं पडलं, ‘आहे’ वाचून कुणी दुकानात विचारायला गेलं तर? त्याला उपाय सोपा आहे. कंपनी कधी बंद झाली ते साल शेजारी द्या. वाचणारा शहाणा असतो. साल द्यायचा कंटाळा म्हणून चालत्या घड्याळाला ‘होतं’ चिकटवणं मला मान्य नाही.

बाबा स्वतः काही बोलले नाहीत. पान वाचलं, चष्मा काढला आणि घड्याळाकडे पाहिलं. ते मला जास्त लागलं.

स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींत चिठ्ठी चिकटवायचं मंडळाने काल कबूल केलंय. मजकूर मीच लिहून दिला: ‘होतं’ऐवजी ‘आहे’ आणि ‘चावी द्यायचे’ऐवजी ‘चावी देतात’ असे वाचावे. पहिली प्रत आतेला पोस्टाने जाईल.